मदत हवी आहे: पोरीला इस्रोत जायचंय, बारावीनंतर कोणती वाट?

राम राम मंडळी. आम्ही रावेरकडचे, घरची केळीची बाग. धाकटी यंदा बारावीला. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं, तेव्हा घड वाहणाऱ्या मजुरांना बांधावर बसवून तिने मोबाईलवर सगळं दाखवलं. ट्रकवाला ओरडत राहिला. तेव्हापासून एकच धोशा.

मला कळलं ते इतकं: तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत (अंतराळ विज्ञान शिकवणारी सरकारी संस्था) बीटेकला जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर प्रवेश मिळतो. नाहीतर मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचं बीई निदान 65 टक्क्यांनी करून इस्रोच्या 'सायंटिस्ट/इंजिनियर एससी'च्या भरतीत उतरायचं. (हे एससी म्हणजे पदाचं नाव, आरक्षण नव्हे. एवढं समजायलाच मला आठवडा लागला.)

पण तिला इंजिनियरिंग नकोच, फिजिक्स हवंय. बीएस्सी, एमएस्सी करून अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिक्सची सरकारी संशोधन प्रयोगशाळा) पीएचडीला जाता येतं म्हणे. मग त्यासाठी जळगावला शिकलं तर चालेल, की पुण्यालाच धाडावं लागेल? एक क्लासवाले सांगतात, वर्षभर गॅप घ्या आणि दीड लाख भरा. केळीला भाव नाही, दीड लाख कुठून आणू?

या वाटेने स्वतः गेलेलं कोणी असेल, किंवा कुणाचा भाचा-पुतण्या तिकडे असेल, तर सांगा भाऊ. फॉर्म भरायचे दिवस जवळ आलेत.