शब्दचर्चा : ‘पेटंट वाण’ की ‘संरक्षित वाण’?

प्रश्न, दिंडोरी :
आमच्याकडे ‘आरा’सारख्या परदेशी द्राक्षजातींना सर्रास ‘पेटंट वाण’ म्हणतात. छाटणीची काडी शेजाऱ्याने मागितली की लोक दचकतात, ‘पेटंट आहे, केस होईल’ म्हणतात. हा शब्द बरोबर आहे का? आणि ‘ब्रीडर’ला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याला, मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद, नाशिक :
भाऊ, भारतात वाणाला पेटंट मिळतच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ ने वनस्पती, बियाणे आणि वाण बाहेर ठेवले आहेत. वाणासाठी वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. वाण नवे, वेगळे, एकसारखे आणि स्थिर असेल तर त्याची नोंदणी होते. झाडे व वेलींना जास्तीत जास्त १८ वर्षे, इतर पिकांना १५. म्हणून ‘नोंदणीकृत वाण’ किंवा ‘संरक्षित वाण’ म्हणावे.

चुकीच्या शब्दाने माणूस आपला हक्क सोडून देतो, म्हणून मी आग्रह धरतो. याच कायद्याच्या कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा शेतकरी राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. मनाई एकच : संरक्षित वाण म्हणून लेबल लावून, पाकिटात भरून विकायचे नाही. शिवाय बियाण्याच्या व्याख्येत फक्त दाणा नाही, ज्यातून तसेच रोप पुन्हा उभे राहते तो भागही येतो. माझ्या वाचनानुसार काडीही त्यात बसते.

प्रतिसाद, निफाड :
आम्ही कांद्याचे डोंगळे धरून घरचेच उळे, म्हणजे बी, करतो, पाहुण्यारावळ्यांनाही देतो. म्हणजे कायद्याने हेच मान्य केले की!

प्रतिसाद, नाशिक :
होय, आणि ते सहज मिळालेले नाही. ‘यूपोव्ह’ या वाण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९१ च्या आवृत्तीत शेतकऱ्याला एवढी मोकळीक नाही. भारत त्याचा सदस्य नाही.

प्रतिसाद, पिंपळगाव बसवंत :
‘ब्रीडर’ला ‘पैदासकार’ शब्द रूढ आहे. पैदासकार बियाणे, पायाभूत बियाणे, प्रमाणित बियाणे ही साखळी सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातून पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञच डोळ्यांपुढे येतो, हे मला खटकते. कायद्याच्या व्याख्येत वाण विकसित करणारा शेतकरीही पैदासकारच आहे. सोनाका आणि तास-ए-गणेश ही थॉमसन या द्राक्षजातीतून शेतकऱ्यांनी निवडलेली वाणे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. मात्र संस्थेचा असो वा शेतकरी, पैदासकाराचा मोबदलाही खरा आहे. नवी वेल निवडून, खुंटावर चढवून, हंगामामागून हंगाम तपासण्यात आयुष्याची वर्षे जातात. तो हक्क नाकारला तर नवी जात कोण काढील?

प्रश्नकर्ता, दिंडोरी :
मग केस होणारच नाही असे समजायचे का?

प्रतिसाद, नाशिक :
तसे नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर आपल्या नोंदणीकृत एफएल २०२७ वाणाची लागवड केली म्हणून दावे लावले आणि विरोध वाढल्यावर मागे घेतले. २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या बाबतीत आधी दोन गोष्टी बघा. वाण भारतात नोंदलेले आहे का? आणि रोपे घेताना करार केला का? करारात पुनर्लागवडीची बंदी असेल तर तो मुद्दा कलम ३९ पेक्षा वेगळा, वकिलाला दाखवावा. करार मराठीत मागा. ‘लागवड सामग्री’ असा मोघम शब्द असेल तर त्यात छाटणीची काडी येते का, ते सही करण्याआधी लिहून घ्या.