घशाच्या कॅन्सरची रक्ततपासणी: नॉर्मल रिपोर्टवर विसंबायचं का?

रावेरकर: आमचे नाना, वय 58. तंबाखू-चुना आणि बिडी, दोन्ही पोरवयापासून. दीड महिना आवाज बसलेला. विचारलं की म्हणायचे, "काही नही रे, घसा बसेल शे." गावात शिबिर लागलं, तिथे 'कॅन्सर मार्कर'चं पॅकेज करून आले. सगळं नॉर्मल. तो रिपोर्ट पिशवीत घालून उशाशी ठेवला आणि डॉक्टरचं नाव काढू देईनात. शेवटी जबरदस्तीने जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीतून स्वरयंत्रावर गाठ दिसली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. माझं स्पष्ट मत आहे, घशाच्या कॅन्सरच्या नावाखाली रक्ततपासण्या विकणं बंद झालं पाहिजे.

अमळनेरची ताई: दादा, नानांचं वाचून जीव कळवळला. पण सरसकट बंदी नको. माझ्या भावाने आयुष्यात सुपारीही खाल्ली नाही, तरी टॉन्सिलचा कॅन्सर झाला, एचपीव्ही विषाणूमुळे. अशा गाठीतल्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात, ते मोजता येतात. अमेरिकेत उपचार झालेल्या 115 रुग्णांवर याचा अभ्यास झाला, 2020 मध्ये छापून आला. ज्यांची तपासणी सतत निगेटिव्ह राहिली, त्यांच्यापैकी कुणाचाच कॅन्सर त्या काळात परत आला नाही. लागोपाठ दोनदा पॉझिटिव्ह आलेल्या जवळपास सगळ्यांचा परत आला. भावाला तपासणीसाठी परळला न्यायचं म्हणजे रात्रीची गाडी, दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि निकाल येईपर्यंत आई जेवत नाही. ही तपासणी आपल्याकडे परवडेल अशी झाली तर मला हवीच आहे.

रावेरकर: ताई, तुमच्या भावासाठी हवी, मान्य. पण ती तपासणी विषाणू शोधते. नानांच्या गाठीत विषाणूच नसेल तर रक्तात काय सापडणार? आणि आपल्याकडे घरोघरी तंबाखू आहे. गुटख्यावर 2012 पासून बंदी, तरी पुड्या मिळतातच.

लॅबवाला भुसावळ: मी याच कामात आहे म्हणून सांगतो. पॅकेजमध्ये बहुधा सीईए, पीएसए, एएफपी अशा चाचण्या असतात. घशाचा कॅन्सर पकडायला यातली एकही नाही. नानांचा रिपोर्ट खोटा नव्हता, पण प्रश्नच चुकीचा विचारला होता. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी गाठ असेल, तर बायोप्सीच्या तुकड्यावर पी16 (एका प्रथिनाची तपासणी) करायला सांगा, एचपीव्हीचा अंदाज तिथे येतो. आणि रक्तातला विषाणूचा डीएनए उपचारांआधी एकदा मोजलेला असावा, नाहीतर नंतरचा आकडा कशाशी ताडायचा?

शिरपूरचा पोरगा: 2025 चं बोस्टनचं संशोधन वाचा. साठवलेल्या जुन्या रक्तात, पुढे कॅन्सर झालेल्या 28 पैकी 22 जणांचा एचपीव्हीचा कॅन्सर आधीच दिसला, एकाचा तर सात वर्षांहून जास्त आधी. हाँगकाँगला 20,000 हून जास्त पुरुषांचं रक्त ईबी विषाणूसाठी तपासून नाकामागच्या घशाचे कॅन्सर लवकर पकडले. जग पुढे चाललंय आणि आपण बंदी मागतोय?

रावेरकर: भाऊ, वाचलं. दोन्हीकडे कॅन्सर विषाणूचाच ना? हाँगकाँगच्या भागात तो नाकामागचा कॅन्सर मुळातच जास्त. मला संशोधन थांबवायचं नाही, शिबिरातला बाजार थांबवायचा आहे.

आशाताई, साक्री: मी पाड्यांवर फिरते. केरळात तंबाखू-दारूवाल्यांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली, तर त्यांच्यात तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले, 2005 साली छापून आलंय. टॉर्च आणि चमचा, बस. तिशीपुढच्यांची ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. पण तोंडात पाहून स्वरयंत्र दिसत नाही. तीन आठवडे आवाज बसला, गिळताना टोचलं, मानेत गाठ लागली, तर दुर्बीणच घालावी लागते. लोक टॉर्चला हसतात आणि मशीनच्या कागदाला हात जोडतात, याचं फार वाईट वाटतं.

अमळनेरची ताई: शिबिरातल्या पॅकेजबद्दल मी रावेरकरांच्या बाजूने. भावाच्या तपासणीबद्दल नाही. दादा, नानांचे उपचार सुरू झाले का? महात्मा फुले योजनेत बसतं, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

रावेरकर: सोमवारपासून शेक (रेडिएशन) सुरू. आवाज वाचेल म्हणतात. तो रिपोर्ट मी फाडला नाही, गावातल्या पुढच्या शिबिरात टेबलावर ठेवणार आहे.