पेकोरिनो रोमानो चीज एवढं खारट असतं का?

मिलानची_मैना: इथे येऊन तीनच महिने झालेत. परवा दुकानात पार्मेजानच्या शेजारी पेकोरिनो रोमानो दिसलं, म्हटलं भाऊभाऊच असतील, उचललं. घरी येऊन तुकडा तोंडात टाकला तर लोणच्याच्या बरणीच्या तळाचा खार चाटल्यासारखं! तरी हिंमत करून काचो ए पेपे (चीज आणि मिरीचा पास्ता) करायला घेतलं, गॅसवर उकळत्या पास्त्यात किस टाकला आणि दोन मिनिटांत सगळ्याचा रबरी गोळा, चमच्याला घट्ट चिकटलेला. चीज खराब निघालं की मीच माती खाल्ली?

चुलीपाशी: चीज एकदम बरोबर आहे गं. पार्मेजान गाईच्या दुधाचं, हे मेंढीच्या, पेकोरा म्हणजेच मेंढी. 20 ते 35 किलोचं एकेक चाक, त्याला मीठ चोळून चोळून मुरवतात. नुसतं खायचं ते कमीत कमी 5 महिने, किसायचं 8 महिने, तुला बहुतेक किसायचंच मिळालंय. आणि नाव रोमचं असलं तरी बहुतेक माल सार्डिनिया बेटावर बनतो 😄 नुसतं खायला पेकोरिनो सार्दो दोल्चे आण, 20 ते 60 दिवसांचं, मऊ आणि सौम्य.

किसणी: गोळा आचेमुळे झाला, गॅस बंद करून जरा निवू द्यायचं असतं. यावर इटालियन फिजिक्सवाल्यांनी चक्क रिसर्च केला, 2025चं इग नोबेल (विचित्र, गमतीदार संशोधनाला देतात ते बक्षीस) मिळालं त्याला! चीजच्या वजनाच्या 2-3 टक्के स्टार्च हवा म्हणतात, म्हणजे 200 ग्रॅमला 5 ग्रॅम कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थंड झालं की त्यातच चीज घोटायचं. मी केलं, एक गुठळी नाही. पास्त्याच्या पाण्यात मीठ मात्र हात आखडून घाल.

आळूवडी: कोणी शाकाहारी असेल तर सांगून ठेवते, यात दूध विरजायला कोकराच्या जठरातलं रेनेट घालतात. पाकिटावर फक्त 'कालिओ' (म्हणजे रेनेट) लिहिलेलं असतं, कशाचं ते कळत नाही.

मिलानची_मैना: अगं बाई! रूममेट शुद्ध शाकाहारी, काल तिने अर्धा गोळा संपवलाय 🙈 आता आधी तिला सांगते. आणि उरलेल्या तुकड्याचं काय करू?

चुलीपाशी: रोमवाले 1 मेला फावा (बाकला) नावाच्या कच्च्या कोवळ्या शेंगा सोलून त्यासोबत खातात. दाण्याच्या गोडीत खारटपणा बरोबर जिरतो. शेंगा मिळाल्या तर आधी तेच कर.