पिक लाइन (औषध द्यायला दंडाच्या शिरेत ठेवलेली लांब नळी) घेऊन घरी सोडत नाहीत, काय करावं? मदत हवी आहे
मावसभाऊ, वय २९, अमेरिकेत ओहायोत ॲडमिट आहे. फेंटानिल (अफूसारखं नशेचं औषध) टोचून घ्यायचा त्यातून हृदयाच्या ट्रायकस्पिड व्हॉल्व्हला स्टॅफ जिवाणूचं इन्फेक्शन झालंय, एंडोकार्डायटिस. ६ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक सांगितलंय, २ झाले, ताप गेला, ब्लड कल्चर आता निगेटिव्ह (रक्तात जंतू सापडत नाहीत), ऑपरेशन सध्या नको म्हणाले. ब्युप्रेनॉर्फिन (व्यसनाची तलफ कमी करणारं औषध) हॉस्पिटलातच सुरू केलं म्हणून तलफ आटोक्यात आहे, नाहीतर हा तिसऱ्याच दिवशी पळाला असता. अडचण अशी की पिक लाइन असताना घरी सोडत नाहीत, आणि दोन नर्सिंग होमनी (हॉस्पिटलनंतर पेशंटला ठेवून घेणाऱ्या तिथल्या संस्था) ब्युप्रेनॉर्फिनचं नाव ऐकूनच नाही म्हटलं. इन्शुरन्स मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा तिथला सरकारी विमा). रिहॅबचं नंतर बघू. डालबाव्हान्सिन या शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकबद्दल वाचलं, त्याचा असर खूप दिवस टिकतो म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी एकच डोस लागतो. कोणाच्या माणसाला असं ते, किंवा उरलेला कोर्स गोळ्यांवर, मिळालाय का? आणि हे नक्की कोणाकडे मागायचं, इन्फेक्शनवाल्या डॉक्टरांकडे, ॲडिक्शन टीमकडे की सोशल वर्करकडे?