मदत हवी आहे: 'व्होल्ट १०२' आणि मेम्फिसच्या खोक्यातल्या इतर सोल सिंगल्स ओळखायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांब आहे आणि मला शनिवारच्या आत उत्तर हवं आहे, म्हणून जे माहीत आहे ते सगळं आधीच लिहून टाकते.

आम्ही ९ वर्षांपासून मेम्फिसजवळ राहतो. शेजारी ७८ वर्षांच्या एक आजी मुलीकडे राहतात. त्यांचं लहानपण मेम्फिस शहरात, मॅक्लमोर अव्हेन्यूपासून चालत जाण्याच्या अंतरावर गेलं. सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं १९६० च्या दशकातलं लोकप्रिय संगीत, काढणाऱ्या स्टॅक्स रेकॉर्ड्स कंपनीचा स्टुडिओ तिथेच होता, एका जुन्या सिनेमा थिएटरात. थिएटरात खाऊ विकायची जागा असते ना, तिथे कंपनीच्या भागीदार एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी रेकॉर्डचं दुकान थाटलं होतं, 'सॅटेलाइट रेकॉर्ड शॉप'. आजी शाळेतून येताना तिथे थांबायच्या. त्या सांगतात, विकत घेतली नाही तरी बाई रेकॉर्ड लावून ऐकवायच्या आणि कशी वाटली ते विचारायच्या.

आजींच्या मुलीने घर आवरताना माळ्यावरून एक खोकं काढलं. त्यात ६१ सिंगल्स निघाल्या. जुना माल विकत घेणारा एक माणूस आला, वरवर चाळून सगळ्याचे मिळून १५० डॉलर देतो म्हणाला आणि शनिवारी परत येणार आहे. आजींना पैशांची निकड नाही. पण त्या मला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांकडे रेकॉर्डी होत्या ना, मग तूच बघ." कोल्हापूरला बाबांकडे तबकड्या होत्या हे खरं, पण त्या नाट्यगीतांच्या आणि लावण्यांच्या. त्यामुळे लेबल, मॅट्रिक्स नंबर (ज्या साच्यावरून रेकॉर्ड दाबली त्याचा क्रमांक), शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतची कोरी पट्टी एवढं मला वाचता येतं. अमेरिकन सोलच्या खुणा मात्र येत नाहीत.

ज्यांनी या सिंगल्स पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: आकार आपल्याकडच्या ईपीएवढाच, ७ इंची, ४५ च्या वेगाची. पण मधलं भोक दीड इंचाचं, आणि प्रत्येक बाजूला एकच गाणं.

आता ज्या रेकॉर्डींवर मी अडले आहे त्या सांगते.

सगळ्यात आधी 'ग्रीन अनियन्स', बुकर टी. अँड द एमजीज्. ही खोक्यात दोनदा आहे. एक व्होल्ट लेबलवर (हे स्टॅक्सचंच दुसरं लेबल), क्रमांक १०२. दुसरी स्टॅक्सच्या फिकट निळ्या लेबलवर, क्रमांक १२७. दोन्हींच्या दुसऱ्या बाजूला 'बिहेव युवरसेल्फ'. व्होल्टच्या लेबलवर निळ्या शाईच्या पेनने कोपऱ्यात लहान अक्षरात '६-६२' लिहिलंय आणि पुढे आजींच्या नावाचं आद्याक्षर. शाई जराशी जांभळट झाली आहे, पण आकडे स्वच्छ वाचता येतात. स्टॅक्सवाली त्यांच्या भावाची. विकत घ्यायला आलेला तो माणूस ती व्होल्टची रेकॉर्ड हातात घेऊन म्हणाला, "लेबलवर लिहिलंय, ही गेली कामातून." त्याच क्षणी मला शंका आली.

दुसरं, 'नॉक ऑन वुड', एडी फ्लॉइड, स्टॅक्स १९४. याच्याही दोन प्रती. लेबलं सारखीच दिसतात. पण एक हाताला जड लागते, दुसरी अगदी हलकी. हलकीच्या कडेवर नखाने टिचकी मारली की कडक, प्लास्टिकच्या डब्यासारखा आवाज येतो. तिच्या कोऱ्या पट्टीत एक बारीक त्रिकोण आहे, पुढे पाच आकडे, आणि दुसऱ्या बाजूला त्याच आकड्यांपुढे 'एक्स'. शिवाय एका गोलात 'एमआर' असा ठसा. जड प्रतीवर यातलं काहीच नाही. मग हलकी ती नंतरची नक्कल म्हणायची का?

तिसरं, कार्ला थॉमसचं 'जी व्हिझ'. माझ्याकडची प्रत अटलांटिक २०८६ आहे. आजी ठामपणे सांगतात की त्यांच्या मावशीकडे हेच गाणं वेगळ्या लेबलवर होतं. मुलीला वाटतं आजींचा गोंधळ होतोय.

याशिवाय मार-कीजचं 'लास्ट नाइट' सॅटेलाइट १०७ वर, ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे' व्होल्ट १५७ वर, पिवळ्या लेबलच्या आणि चुटकी वाजवणाऱ्या हाताचं चित्र असलेल्या बऱ्याच स्टॅक्स, आणि जेम्स कारची एक गोल्डवॅक्स ३१७.

यात आधीचं काय, नंतरचं काय, हे कसं ठरवायचं? आणि धूळ कशी काढू? अजून एकीलाही पाणी लावलेलं नाही.

प्रतिसाद १ (लँकेशायरहून)

ताई, सर्वात आधी, शनिवारी त्या माणसाला काही देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

आजींचा गोंधळ अजिबात होत नाहीये. 'जी व्हिझ' आधी सॅटेलाइट १०४ म्हणून १९६० मध्ये निघालं. गाणं चालायला लागल्यावर अटलांटिक या मोठ्या कंपनीने ते घेऊन देशभर २०८६ या क्रमांकाने काढलं. मावशीकडे सॅटेलाइटची असणार. तुमच्याकडची अटलांटिक अस्सलच आहे, फक्त दुसऱ्या पायरीची. स्टॅक्सचं मूळ नाव सॅटेलाइटच होतं. कॅलिफोर्नियात त्याच नावाची दुसरी कंपनी निघाली म्हणून १९६१ मध्ये जिम स्ट्युअर्ट आणि एस्टेल अ‍ॅक्स्टन या बहीणभावांनी आपापल्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून 'स्टॅक्स' केलं. म्हणून तुमची 'लास्ट नाइट' सॅटेलाइटवर आहे हे अगदी बरोबर.

आता ग्रीन अनियन्स. मे १९६२ मध्ये ती व्होल्ट १०२ म्हणून निघाली तेव्हा मुख्य बाजू 'बिहेव युवरसेल्फ' होती आणि ग्रीन अनियन्स मागची बाजू. मेम्फिसच्या डब्ल्यूएलओके रेडिओवर मागची बाजू वाजली, फोन यायला लागले, आणि काही आठवड्यांतच तीच बाजू पुढे करून स्टॅक्स १२७ काढली. पुढे ती आर अँड बी (कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीच्या गाण्यांच्या) यादीत पहिली आणि पॉप यादीत तिसरी आली. म्हणजे जगभर गेली ती स्टॅक्स १२७. व्होल्ट १०२ त्यामानाने फार थोडी. आणि तुमच्या प्रतीवर '६-६२' आहे! मी हे वाचून खुर्चीतून उठलो. नक्कल करणारा माणूस जुन्या शाईने असं काही लिहीत बसत नाही. लेबलवरच्या लिखाणाने बाजारात किंमत थोडी उतरते हे खरं, पण 'कामातून गेली' हे साफ खोटं आहे.

तरी एक खात्री करून घ्या. भिंगाखाली लेबलची अक्षरं पाहा. मूळ छपाईत अक्षर भरीव असतं, कडा स्वच्छ. फोटोवरून केलेल्या नकलेत कडा पुसट होतात, रंगाच्या जागी बारीक ठिपके दिसतात.

नॉक ऑन वुडच्या दोन प्रतींबद्दल तुमचा प्रश्नच जरा वेगळा मांडायला हवा. त्यात आधीची आणि नंतरची असं बहुधा काही नाही. अमेरिका एवढी मोठी की एकच सिंगल एकाच आठवड्यात तीन-चार कारखान्यांत दाबली जायची. त्रिकोण आणि गोलातलं 'एमआर' म्हणजे लॉस एंजेलिसचा मोनार्क कारखाना. त्रिकोणापुढचे आकडे त्यांच्या कामाचा चढता क्रम, आणि 'एक्स' म्हणजे दुसरी बाजू. हलकी आहे कारण ती नेहमीच्या व्हायनिलची नाही, स्टायरीन नावाच्या कडक प्लास्टिकची. साच्यात ओतून केलेली. जड प्रत व्हायनिलची. मेम्फिसमध्येच चेल्सी अव्हेन्यूवर प्लास्टिक प्रॉडक्ट्स नावाचा कारखाना होता, सन रेकॉर्ड्सपासून स्टॅक्सपर्यंत सगळ्या कंपन्यांची कामं तिथे व्हायची. तुमची जड प्रत तिथलीच असावी असं मला वाटतं. ज्या शहरात गायली त्याच शहरात दाबली आणि तिथल्याच पोरीने विकत घेतली. माझ्या लेखी ही प्रत मोनार्कपेक्षा मोलाची, बाजार काहीही म्हणो.

१९६० च्या दशकाच्या मधल्या वर्षांपासून अटलांटिकच्या सिंगल्सवर लेबलच्या मॅट्रिक्स क्रमांकाच्या शेवटी दोन अक्षरंही सापडतात: एमओ म्हणजे मोनार्क, एसपी म्हणजे पेनसिल्व्हेनियातली स्पेशालिटी, पीएल म्हणजे प्लास्टिक प्रॉडक्ट्स. खोक्यातल्या अटलांटिक त्या नजरेने एकदा बघा.

पिवळ्या लेबलांचं गणित सोपं आहे. मे १९६८ मध्ये स्टॅक्स आणि तिच्या रेकॉर्डी देशभर पोचवणारी अटलांटिक वेगळ्या झाल्या, आणि करारातल्या कलमामुळे तोवरची सगळी मूळ ध्वनिमुद्रणं अटलांटिककडे राहिली. स्वतःचीच गाणी स्टॅक्सच्या हातून गेली. मग नवं पिवळं लेबल, चुटकीचं चित्र, आणि क्रमांकही पुन्हा एकपासून. जॉनी टेलरचं 'हूज मेकिंग लव्ह' त्यातलं ०००९. तेव्हा फिकट निळं लेबल आणि वर रेकॉर्डींची चवड म्हणजे फुटीआधीचं, चुटकी म्हणजे नंतरचं. एखादं १९६२-६६ चं गाणं चुटकीच्या लेबलवर दिसलं तर ती त्या वर्षातली प्रत नाही एवढं नक्की.

किमतीबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. गाणं जितकं गाजलं तितकी रेकॉर्ड महाग, असं या छंदात नसतं. 'डॉक ऑफ द बे' लाखोंनी खपली, म्हणून ती आजही सहज मिळते. इथे इंग्लंडच्या उत्तरेला विगन कसिनोमध्ये १९७३ ते १९८१ रात्रभर लोक नाचायचे ते अमेरिकेत अजिबात न चाललेल्या सिंगल्सवर. डीजे लोक लेबलवर पांढरा कागद चिकटवून नाव झाकायचे, दुसऱ्याला कळू नये म्हणून. फ्रँक विल्सनची, 'सोल' नावाच्याच लेबलवरची ३५०१९, १९६५ ची, बोटांवर मोजण्याइतक्या प्रती शिल्लक, ती २००९ मध्ये २५ हजार पौंडांच्या वर गेली. त्याच गाण्याची नक्कल दुसऱ्याच गायकाच्या नावाने विकली गेली होती. म्हणून खोक्यातल्या गाजलेल्या रेकॉर्डी बाजूला ठेवा आणि ज्यांची नावं आजींनाही आठवत नाहीत त्या आधी तपासा. जेम्स कारची गोल्डवॅक्स मात्र ऐका, विकायची नसली तरी. 'डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' असणार ती.

भाव बघताना लोकांनी मागितलेले आकडे बघू नका, प्रत्यक्ष विकले गेलेले बघा.

प्रतिसाद २ (पुण्याहून)

स्वच्छतेबद्दल लिहितो, माझं काम रेकॉर्डप्लेअर दुरुस्तीचं आहे.

स्टायरीनच्या रेकॉर्डवर लेबल नंतर गोंदाने चिकटवलेलं असतं. नखाला त्याची कड लागते. व्हायनिलमध्ये लेबल रेकॉर्डबरोबरच दाबलेलं, त्यामुळे सपाट. स्टायरीनच्या लेबलला पाणी लागलं की ते सुटून येतं. आणि तुमच्या व्होल्टवर तर पेनची शाई आहे, तिथे ओला बोळासुद्धा नेऊ नका. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा. नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड पिळून, खाचांच्या दिशेने गोल, लेबलपासून बोटभर लांब. पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून उभी वाळवा.

स्टायरीन झिजते फार लवकर. जुन्या जड सुईखाली वाजलेली असेल तर खाचा पांढरट दिसतात आणि गाण्यामागे सतत खरखर येते. ती धुऊन जात नाही, तेव्हा घासत बसू नका. वाजवताना सुई ठेवून रेकॉर्ड हाताने मागे फिरवायची नाही, एकदा केलं तरी डाग राहतो. सुई शंकूच्या टोकाची घ्या आणि वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलंय तेवढंच ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आजींकडे भिंग आणि टेबललॅम्प घेऊन बसले.

व्होल्टची अक्षरं भरीव आहेत, कुठेही ठिपके नाहीत. पेनची रेघ कागदात मुरलेली दिसते, वर बसलेली नाही. खोक्यातल्या पाच रेकॉर्डी स्टायरीनच्या निघाल्या, दोघींची लेबलं कडेला सुटायला लागली आहेत. त्या वेगळ्या पाकिटात ठेवल्या.

सॅटेलाइट १०४ बद्दल मुलीच्या देखत आजींना सांगितलं. त्या मुलीकडे बघून नुसत्या हसल्या. मग म्हणाल्या की मावशीचं घर विकलं तेव्हा तिच्या रेकॉर्डी रस्त्यावर ठेवल्या होत्या, कुणीही न्याव्यात म्हणून. स्टुडिओची इमारतही १९८९ मध्ये पाडली. २००३ पासून त्याच जागी संग्रहालय उभं आहे, पण आजी तिथे अजून गेलेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मी त्यांना घेऊन जाणार आहे.

मग व्होल्ट १०२ लावली. आजींनी मला थांबवलं आणि रेकॉर्ड उलटी करायला सांगितली. 'बिहेव युवरसेल्फ' आधी. दुकानात बाईंनी हीच बाजू लावली होती, म्हणाल्या, संथ, ऑर्गनवाली. ग्रीन अनियन्स घरी गेल्यावर कळली, भाऊ पाठीमागून येऊन ती बाजू लावायचा, आणि शेवटी त्याने स्वतःची वेगळी विकत आणली. म्हणून खोक्यात दोन.

विकायचं नाही असं आजींनी ठरवलंय. निदान व्होल्ट, सॅटेलाइट आणि ती जड नॉक ऑन वुड तरी नाहीच. शनिवारी मी तिथेच असेन आणि त्या माणसाला तसं सांगेन.

लँकेशायरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आजींना नाव न आठवणाऱ्या रेकॉर्डी वेगळ्या काढल्या, त्या ११ निघाल्या. त्यातल्या चारांच्या कोऱ्या पट्टीत 'नॅशव्हिल मॅट्रिक्स' असा छापील ठसा आहे. दोन पांढऱ्या लेबलच्या आहेत आणि त्यावर 'विक्रीसाठी नाही' असं इंग्रजीत छापलंय. या दोन रेडिओला पाठवलेल्या प्रती समजायच्या का, आणि त्या आजींकडे कशा आल्या असतील? गायकांची नावं आणि क्रमांक उद्या सकाळी इथेच लिहिते, उजेडात नीट वाचून.