मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये निम्म्या नोंदी डिलीट केल्या, तरी इंडेक्स तेवढाच. रीबिल्ड कसा करायचा?

दूधनोंद
पोस्टग्रेस १५ आहे. दूध संकलनाचं टेबल, रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाची एक ओळ. आठ वर्षांपैकी जुनी चार वर्षं दुसरीकडे हलवून इथून डिलीट केली, साधारण ५.७ कोटी ओळी उरल्या. तरी सभासद क्रमांकावरचा इंडेक्स ३ जीबीच दिसतोय, तारखेवरचाही घटला नाही. सभासदाचा उतारा काढायची क्वेरी आधीसारखीच संथ. पहाटे पाचला संकलन सुरू होतं, तेव्हा टेबल अडून चालणार नाही. जुना इंडेक्स ड्रॉप करून नवा बनवला तर? या कामात नवीन आहे, पायऱ्या सविस्तर सांगा, प्लीज.

पानोपानी
ड्रॉप करू नका. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची; नवा तयार होईपर्यंत प्रत्येक उतारा अख्खं टेबल वाचून निघेल. प्रायमरी कीचा (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) इंडेक्स तर कन्स्ट्रेंटला, म्हणजे टेबलवरच्या नियमाला बांधलेला असतो, तो असा ड्रॉप होतच नाही.

आधी टेबलवर व्हॅक्यूम ॲनालाइझ चालवा. डिलीट केलेल्या ओळींच्या इंडेक्समधल्या नोंदी व्हॅक्यूम काढतो, ॲनालाइझमुळे प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, नवा अंदाज मिळतो. कित्येकदा क्वेरी एवढ्यानेच सुधारते. मग पीजीस्टॅटटपल हे एक्स्टेन्शन टाकून दोन्ही इंडेक्सवर पीजीस्टॅटइंडेक्स चालवा. ते पूर्ण इंडेक्स वाचतं, तेव्हा गर्दी नसताना. ॲव्हरेज लीफ डेन्सिटी (इंडेक्सची पानं सरासरी किती टक्के भरली आहेत) आणि डिलीटेड पेजेस (रिकामी होऊन मोकळी केलेली पानं) हे दोन आकडे इथे द्या.

दूधनोंद
व्हॅक्यूम झाला. क्वेरी थोडी सुधारली, पण पुरेशी नाही. सभासद इंडेक्स: डेन्सिटी ३८, डिलीटेड पेजेस अगदी थोडी. तारीख इंडेक्स: डेन्सिटी ८७, पण जवळजवळ निम्मी पेजेस डिलीटेड. असं उलटं का?

पानोपानी
दोन्ही आकडे बरोबर आहेत. तारखेच्या इंडेक्समध्ये जुनी चार वर्षं सलग पानांवर होती. ती ८ केबीची पानं पूर्ण रिकामी झाली, म्हणून व्हॅक्यूमने ती मोकळी केली. फाइल लहान होत नाही, पण नव्या तारखांना तीच पानं मिळतील. सभासद इंडेक्समध्ये एकाच सभासदाच्या जुन्या-नव्या नोंदी शेजारीशेजारी असतात, त्यामुळे जवळपास प्रत्येक पानावर थोडं थोडं उरलं. अर्धवट भरलेली दोन पानं व्हॅक्यूम कधीच एकत्र करत नाही. म्हणून ३८. नवा बांधताना पानं ९० टक्के भरली जातात, हा बी-ट्रीचा, म्हणजे नेहमीच्या इंडेक्स प्रकाराचा डीफॉल्ट फिलफॅक्टर.

तेव्हा सभासद इंडेक्स रीबिल्ड करा, तारखेचा राहू दे.

शून्यक्रमांक
एक विचारतो: हा डेटाबेस मुळात १५ वरच बनवला, की जुन्या आवृत्तीवरून पीजी अपग्रेडने (डेटाच्या फाइल आहेत तशाच आणणारं साधन) आणला?

दूधनोंद
११ वरून पीजी अपग्रेडने.

शून्यक्रमांक
मग तारखेचाही करा. आवृत्ती १३ पासून बी-ट्री डुप्लिकेट किंमती एकत्र बांधून ठेवतो: किंमत एकदा, पुढे ओळींच्या पत्त्यांची यादी. अपग्रेडने आणलेल्या इंडेक्सला ही सोय रीइंडेक्स केल्याशिवाय (नव्याने बांधल्याशिवाय) मिळत नाही. तुमच्या दोन्ही कॉलममध्ये पुनरावृत्ती भरपूर आहे. प्रायमरी कीला यातून काही मिळणार नाही, ती सोडा.

पानोपानी
हे बरोबर, अपग्रेडचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता पायऱ्या.

साधा रीइंडेक्स नको. तो चालू असताना लिहिणं थांबतं, आणि त्या इंडेक्सवर एक्सक्लुझिव्ह लॉक असल्याने सिलेक्टही प्लॅन बनवतानाच अडकतात. 'रीइंडेक्स इंडेक्स कॉन्करन्टली' वापरा, १२ पासून आहे. तो शेजारी नवा इंडेक्स बांधतो, मधले बदल त्यात आणतो, मग अदलाबदल करून जुना काढतो. वाचणं-लिहिणं चालू राहतं. वेळ जास्त लागतो आणि जुना-नवा दोन्ही मावतील एवढी जागा लागते. सॉर्टच्या तात्पुरत्या फाइल आणि वॉल (बदलांचा लॉग) धरून ८-१० जीबी मोकळी ठेवा.

सुरू करण्याआधी पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या चालू सेशन दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' सेशन शोधा. बहुतेक वेळा गाडी इथेच अडते: कुणीतरी बिगिनने ट्रान्झॅक्शन सुरू करून विंडो उघडी सोडलेली असते आणि कॉन्करन्टली ते ट्रान्झॅक्शन संपायची वाट पाहत बसतो, कितीही वेळ. एरर येत नाही, नुसता थांबलेला दिसतो.

मेंटेनन्स वर्क मेम (इंडेक्स बांधण्यासारख्या कामांना मिळणारी मेमरी) डीफॉल्ट ६४ एमबी असतं. रॅम असेल तर त्या सेशनपुरतं १ जीबी करा. मग कमांड एकटीच चालवा. ट्रान्झॅक्शनच्या आत ती चालत नाही, आणि पीजीॲडमिनमध्ये दोन-तीन कमांड एकत्र निवडून रन केल्या तरी हाच एरर येतो. कुठवर आलं ते पीजी स्टॅट प्रोग्रेस क्रिएट इंडेक्स या व्ह्यूमध्ये दिसतं. एक इंडेक्स झाल्यावरच दुसरा घ्या.

शून्यक्रमांक
मध्येच रद्द केलं किंवा जागा संपली तर अर्धवट इंडेक्स मागे राहतो. पीएसक्यूएल या कमांड लाइन साधनात बॅकस्लॅश-डी करून टेबल पाहा, 'इनव्हॅलिड' लिहिलेलं दिसेल. नावाच्या शेवटी 'सीसीन्यू' असेल तर तो ड्रॉप करून पुन्हा सुरुवात. 'सीसीओल्ड' असेल तर नवा बांधून झालाय, जुना काढायचा राहिला, फक्त तेवढा ड्रॉप करा. तसाच पडू दिला तर क्वेरीला उपयोग शून्य आणि प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार.

आवृत्ती १४ वर कुणी हे करणार असेल तर आधी १४.४ किंवा पुढची घ्या. त्याआधीच्या १४ मध्ये कॉन्करन्टलीने इंडेक्स बिघडण्याचा बग होता.

दूधनोंद
रात्री केलं. सभासद इंडेक्स ३ जीबीवरून ४०० एमबीच्या आसपास आला, उतारा लगेच निघतोय. तारखेचाही झाला, इनव्हॅलिड काही नाही. दोघांचे मनापासून आभार. आता हे दर महिन्याला आपोआप चालेल असं क्रॉनमध्ये लावू का?

पानोपानी
नको. चालू टेबलच्या पानांवर थोडी मोकळी जागा असलेली बरी, नवी नोंद तिथेच मावते, पान फोडावं लागत नाही. मोठं डिलीट झालं की डेन्सिटी बघा, पन्नासच्या खाली गेली तर विचार करा. आणि सर्व्हरची ओएस बदलाल तेव्हा मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स मात्र न चुकता रीइंडेक्स करा. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीमध्ये अक्षरांचा क्रम बदलला, त्याच्या आधीच्या ओएसवरून नंतरच्यावर गेलं की जुना इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ शकतो.