दहा वर्षांच्या खंडानंतर लेखा विभागातील नोकरीसाठी रेझ्युमे कसा लिहावा?

सातपूरवासी

मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून 2007 ते 2016 या काळात नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह होते. खरेदीची बिले, व्हॅट व उत्पादन शुल्काची विवरणपत्रे, टीडीएस आणि बँकेचा ताळमेळ ही कामे माझ्याकडे होती. मुलीचा जन्म आणि पाठोपाठ सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांमुळे नोकरी सोडली. आता पुन्हा अर्ज करायचा आहे, परंतु रेझ्युमे लिहायला बसले की 2016 नंतर काय लिहावे तेच सुचत नाही. एका नातेवाइकाने तारखा गाळून फक्त ‘नऊ वर्षांचा अनुभव’ असे लिहिण्यास सुचवले आहे. मधल्या काळात आमच्या गृहनिर्माण संस्थेची खजिनदार म्हणून मी हिशेब सांभाळले, पण त्याचा उल्लेख हास्यास्पद वाटेल का?

ताळेबंद

ताई, मी एका कर सल्लागार कार्यालयात लेखा विभागाच्या जागांसाठी आलेले रेझ्युमे वाचतो, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात काय येते ते सांगतो. घरच्या कारणासाठी कोणी काही वर्षे थांबले, याचे आम्हाला फारसे काही वाटत नाही. धास्ती असते ती मधल्या काळात कायदा पुढे निघून गेल्याची. तुम्ही 2016 मध्ये थांबलात आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू होऊन व्हॅट, केंद्रीय उत्पादन शुल्क व सेवाकर हे तुमच्या रोजच्या कामाचे विषय बहुतेक मालांपुरते इतिहासजमा झाले. त्यानंतर मालवाहतुकीसाठीचे ई-वे बिल आले, 2020 मध्ये जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर आपोआप तयार होणारे खरेदीचे विवरण) आले, त्याच वर्षी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या ईआरपी 9 आवृत्तीच्या जागी टॅलीप्राइम आले, आणि सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या ई-इनव्हॉइससाठीची उलाढालीची मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर आली. अशा वेळी ज्या रेझ्युमेची पहिलीच ओळ ‘व्हॅट विवरणपत्रे भरणे’ अशी असते, तो वाचणारा पुढची पाने उलटतच नाही.

म्हणून नाव आणि संपर्कानंतर लगेच, नोकऱ्यांच्या यादीच्या आधी, आज तुम्ही काय करू शकता ते तीन-चार ओळींत यावे. मात्र जे येते तेच लिहा. टॅलीप्राइमची शैक्षणिक आवृत्ती विनामूल्य मिळते. तिच्यात महिन्यातील मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरते. एका काल्पनिक व्यापाऱ्याची महिन्याभराची खरेदी-विक्री त्यात नोंदवा, जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरणपत्र) व 3बी (करभरण्याचे सारांश विवरणपत्र) यांचे आकडे काढा आणि खरेदीची नोंदवही 2बी शी एक्सेलमध्ये जुळवून पाहा. मुलाखतीत आमचा ठरलेला प्रश्न असतो, की पुरवठादाराचे बिल 2बी मध्ये दिसत नसेल तर त्याचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, तुम्ही घ्याल का.

जुना अनुभव पुसू नका, त्याची मांडणी बदला. सेनव्हॅट क्रेडिटचा, म्हणजे उत्पादन शुल्काच्या काळातील अशाच वजावटीचा, हिशेब ज्याने ठेवला आहे, त्याला जीएसटीतील इनपुट टॅक्स क्रेडिटचे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही, आणि ही गोष्ट वाचणाऱ्याच्या लक्षात आणून देणे हे तुमच्या रेझ्युमेचे काम आहे. टीडीएसच्या जुन्या कलमांचे क्रमांक मात्र लिहू नका, कारण 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर अधिनियम लागू झाल्यामुळे ते बदलले आहेत.

भरतीविभाग_ठाणे

तारखा गाळण्याचा सल्ला कृपया मानू नका. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन (प्रत्येक सदस्याचा एकच कायम क्रमांक) खात्यात प्रत्येक नोकरीची रुजू होण्याची व सोडण्याची तारीख दिसते आणि पार्श्वभूमी पडताळणीत तीच पाहिली जाते. शिवाय तारखा नसलेला रेझ्युमे हाती आला की खंड किती मोठा असेल, याचा अंदाज आम्ही नेहमी वाईटच बांधतो. ‘2016 पासून : कौटुंबिक जबाबदाऱ्यांसाठी नोकरीतून विराम’ एवढी एक ओळ पुरे. सासूबाईंच्या आजाराचा तपशील नको, आणि अलीकडे काही जणी लिहितात तसे ‘गृहव्यवस्थापक’ हे पदनामही नको. घरचे काम हलके असते असे मला मुळीच म्हणायचे नाही, परंतु लेखा विभागाच्या अर्जात ते पदनाम ओढूनताणून आणल्यासारखे दिसते.

खजिनदारपद मात्र अवश्य लिहा. ते हिशेबाचेच काम आहे.

सातपूरवासी

दोघांचेही आभार. खजिनदारपदासाठी मी असे लिहिले आहे : ‘सोसायटीच्या कामात सक्रिय सहभाग व आर्थिक बाबींची देखरेख.’ हे योग्य आहे का? आणि जीएसटीचा केवळ सराव असेल, तर तो कोणत्या शब्दांत मांडावा?

ताळेबंद

या वाक्यावरून तुम्ही हिशेब लिहिलेत की गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलीत, हे कळत नाही. त्याऐवजी असे लिहा : ‘मानद खजिनदार, सहकारी गृहनिर्माण संस्था, अमुक सदनिका. मासिक देखभाल बिले, थकबाकी व सिंकिंग फंडाचे (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीचे) हिशेब, वैधानिक लेखापरीक्षणासाठी कागदपत्रे, ‘ओ’ नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवाल, वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ताळेबंद सादर.’ यांपैकी जे केले नसेल ते गाळा आणि सदनिकांचा खरा आकडा घाला. कालावधीही लिहा, म्हणजे खंडातील तेवढी वर्षे आपोआप भरलेली दिसतील.

सरावाला सरावच म्हणा : ‘टॅलीप्राइममध्ये नमुना कंपनीच्या नोंदी व 2बी ताळमेळ यांचा स्वतंत्र सराव.’ त्याच्या जोडीला खरा अनुभव यावा असे वाटत असेल, तर जुलै ते सप्टेंबर या विवरणपत्रे व लेखापरीक्षणाच्या धावपळीत नाशिकमधील छोट्या सीए कार्यालयांत अर्धवेळ कामाची चौकशी करा. तेव्हा हाताखाली माणसे कमीच पडतात, आणि दोन महिन्यांच्या कामाने रेझ्युमेतील सर्वांत वरची नोंद चालू वर्षाची होते.